‘महाराष्ट्राबाहेर असूनही’ : इंदूरची मासिकं, इंदूरच्या चित्रशाळा आणि आपले अभिप्राय

इंदूरच्या मराठी मासिकांबद्दल, दिवाळी अंकांबद्दल, संस्थांच्या स्मरणिकांबद्दल वाचक काय म्हणतात हे ऐकायला फार लांब जावं लागत नाही. रामबागेत, नारायण बागेत, लोकमान्य नगरात, सुदामानगरात कुठल्याही मराठी घरी चहाला बसावं आणि समोर पडलेला अंक उचलावा. पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘महाराष्ट्राबाहेर असूनही किती छान काढतात हो!’ छापील अभिप्रायही त्याच वळणाचे. अंक मिळाला, मुखपृष्ठ आकर्षक, मजकूर वाचनीय, शुद्धलेखनाच्या किरकोळ चुका सोडल्यास उत्तम, महाराष्ट्राबाहेर राहून मायमराठीची सेवा करत आहात त्याबद्दल अभिनंदन. खाली नाव आणि गाव.

या लेखाचा विषय आहे त्यातलं ते ‘असूनही’.

मी हे अभिप्राय बरीच वर्षं वाचतो आहे, ऐकतो आहे, आणि माझं मत असं झालं आहे की या एका शब्दाने आपल्या मासिकांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कागदाच्या भावाने किंवा टपालखात्याने केलेलं नाही. ‘असूनही’ म्हणजे सवलत. रेल्वेच्या तिकिटात ज्येष्ठांना मिळायची तशी. सवलत घेणाऱ्याला पूर्ण भाडं मागता येत नाही आणि देणाऱ्याला ‘गाडी उशिरा का आली’ हे विचारायचा संकोच वाटतो. बडोद्याच्या, हैदराबादच्या, बेळगावच्या, ग्वाल्हेरच्या वाचकांनी हे आपापल्या गावाशी ताडून पाहावं. मी बोलतो आहे ते इंदूरबद्दल, कारण इंदूरात याच्या शेजारीच एक उलटं उदाहरण उभं आहे आणि ते आपण नीट पाहत नाही. ते म्हणजे इंदूरच्या चित्रशाळा.

दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये इंदूरात चित्रकलेची शाळा उभी केली. होळकर दरबारचा आश्रय होता, पण आश्रयाने चित्रकार होत नाहीत. देवळालीकरांनी जे केलं ते साधं होतं आणि फार कठीण होतं : आपली मुलं त्यांनी मुंबईच्या परीक्षेला बसवली. जे. जे. स्कूलच्या मुलांच्या बरोबरीने, त्याच परीक्षकांसमोर. तिथे ‘इंदूरचा असूनही’ असा कप्पा नव्हता. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे, जन्म १९१० चा. ते याच शाळेत शिकले आणि मुंबईची सरकारी पदविका त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन मिळवली. १९३४ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना रौप्यपदक मिळालं, १९४१ मध्ये सुवर्णपदक. पुढे १९५० पासून बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत शिकवायला गेले, तिथे अधिष्ठाता झाले, आणि आज स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय चित्रकलेचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, पण वाढले इंदूरात; सायकलवर रंगांची पेटी बांधून गावाबाहेर चित्रं काढत हिंडले ते याच मातीत, आणि त्यांच्या वडिलांना ‘मुलाला चित्रकार होऊ द्या’ म्हणून सांगणारे बेंद्रेच. देवकृष्ण जटाशंकर जोशी, सोलेगावकर, विष्णू चिंचाळकर ही नावं त्याच अंगणातली.

बेंद्र्यांना कुणी ‘बृहन्महाराष्ट्रातले चित्रकार’ म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. ते चित्रकार. बस्स. हे विशेषण साहित्यिकांसाठी राखून ठेवलेलं आहे : बृहन्महाराष्ट्रातील कवी, बृहन्महाराष्ट्रातील मासिक, बृहन्महाराष्ट्रातील कथाकार. व्यासपीठावर त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची असते, जरा बाजूला.

कुणी म्हणेल की चित्राला भाषा नसते, म्हणून ते सोपं गेलं. हे काही मला पटत नाही. चित्राला भाषा नसली तरी गिऱ्हाईक असतं, आणि मुद्दा तिथेच आहे. आपल्याकडच्या कलाशाळांचा, स्टुडिओंचा इतिहास पाहा. लाला दीनदयाळांनी कॅमेरा हातात घेतला तो इंदूरात, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असताना. पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. धारला रघुनाथ कृष्ण फडक्यांचा स्टुडिओ होता. फडके वसईचे, मुंबईत गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांचा. धारच्या दरबाराच्या बोलावण्यावरून ते माळव्यात आले आणि इथलेच झाले. आता कल्पना करा, व्यक्तिशिल्प करणाऱ्याच्या स्टुडिओत गिऱ्हाईक येतं ते कसं येतं. सोबत घरातली चार माणसं असतात. ती मातीच्या मुखवट्याकडे बघतात आणि म्हणतात, नाक जमलं नाही. दादांचा खालचा ओठ असा नव्हता. ‘धारसारख्या गावात राहूनही नाक बरं काढलंय’ असं कुठलंही कुटुंब म्हणत नाही. पैसे मोजलेले असतात आणि चेहरा आपल्या माणसाचा असतो.

फोटो स्टुडिओचंही तेच. चित्रशाळेचं तर त्याहून कडक, कारण तिथे गुरूच पहिला गिऱ्हाईक. आजही इंदूरात आपली मराठी मुलं जाहिरातींच्या, डिझाइनच्या, ॲनिमेशनच्या स्टुडिओत काम करतात. त्यांना विचारा की काम तीनदा परत येणं म्हणजे काय असतं.

मासिकाला मात्र गिऱ्हाईक नाही. हितचिंतक आहेत.

आता हे हितचिंतक कसे तयार होतात त्याचा व्यवहार पाहू, कारण वाचकांच्या अभिप्रायांवर बोलताना आपण नेहमी भावनांवर बोलतो, व्यवहारावर नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मासिकाची सगळ्यात मोठी रक्कम येते ती ‘आजीव वर्गणी’ नावाच्या गोष्टीतून. एकदाच पैसे भरायचे, मग अंक येत राहतो. कुणी पंचवीस वर्षांपूर्वी भरलेले असतात. ती रक्कम केव्हाच छपाईत आणि टपालात विरून गेलेली असते, पण अंक पाठवणं भाग असतं. संपादकाच्या दृष्टीने हा वाचक म्हणजे ऋण. वाचकाच्या दृष्टीने हा अंक म्हणजे आपोआप येणारी वस्तू, विजेच्या बिलासारखी. यात हरवतं काय? दरवर्षी मार्चमध्ये की दिवाळीत, ‘यंदा वर्गणी भरू की नको’ हा प्रश्न पडायला हवा, तो पडतच नाही. सामान्य वाचकाचा खरा अभिप्राय तोच असतो. पत्रं लिहिणारे हजारात पाच. बाकीचे वर्गणी भरून किंवा न भरून बोलतात. आजीव सभासदत्वाने त्यांचं बोलणंच बंद केलं, आणि तेही त्यांच्याकडून आगाऊ पैसे घेऊन!

दुसरी अडचण याहून नाजूक. आपल्या मासिकांचा वाचक बहुतेक वेळा त्याचा लेखकही असतो. नसला तर लेखकाचा मेहुणा असतो. गावात मराठी लिहिणारी माणसं किती, वाचणारी किती, आणि संध्याकाळी महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमाला येणारी किती, या तिन्ही याद्या एकावर एक ठेवल्या तर फारशा सरकत नाहीत. अशा ठिकाणी ‘काकू, तुमची कथा मध्येच संपली’ हे कोण छापील लिहील? काकूंच्या घरी गणपतीला जायचं असतं.

म्हणून मग स्तुती जाते कुठे, तर मुखपृष्ठाकडे. अभिप्राय-पत्रांत मुखपृष्ठाचा उल्लेख इतका ठळक का असतो याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही. मुखपृष्ठ हा अंकातला एकच भाग असा असतो की ज्याचा कर्ता समोर बसलेला नसतो आणि जो न वाचता पाहता येतो. पण गंमत अशी की ज्या गावात बेंद्रे घडले, त्या गावच्या अंकांची मुखपृष्ठं काय असतात? समई. रांगोळी. पैठणीचा पदर. गणपती, बहुधा संगणकातून उचललेला. चित्रशाळा आणि मासिक या एकाच गावातल्या दोन वास्तूंमध्ये मुखपृष्ठापुरतंसुद्धा दार ठेवलेलं नाही. मुंबईत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मराठी मासिकांचा चेहरा घडवला. दोघेही मूळ गोव्याचे, म्हणजे आपल्यासारखेच ‘बाहेरचे’. दलालांनी तर १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंकच सुरू केला. चित्रकाराने मासिक काढावं आणि ते वाङ्मयासाठीही नावाजलं जावं, हे तिथे जमलं. इंदूरात १९३५ साली मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढणारे, रामायणाची चित्रमालिका करणारे राजे. चित्र आणि साहित्य एका माणसात बसवून खुद्द संमेलनाने इंदूरच्या दारात आणून उभं केलं होतं! आपण हार घातला आणि निरोप दिला.

इथे थोडं थांबून ‘इंदूरच्या मराठी माणसाला टीका जमतच नाही’ हा सोयीचा निष्कर्ष खोडून काढला पाहिजे. जमते. फार उत्तम जमते. फक्त ती मराठी मासिकाच्या वाट्याला येत नाही.

गाण्यापासून सुरू करू. रामूभैया दात्यांचं नाव घेतलं की जुनी माणसं आजही कानाला हात लावतात. त्यांची ख्याती गवई म्हणून नाही, ऐकणारा म्हणून. रसिकाग्रणी हे बिरुद लोकांनी त्यांना दिलं. नुसतं ऐकण्यासाठी माणूस प्रसिद्ध व्हावा, हे कोणत्या गावात घडतं? जिथे ऐकण्याला किंमत असते त्या गावात. अमीर खाँसाहेब इंदूरचे, शेजारी देवासला १९४८ पासून कुमार गंधर्व. या मंडळींसमोर ‘इंदूरात राहूनही बरं गाता’ असं म्हणण्याची कुणाची छाती होती!

नाटकाचं घ्या. बाबा डिक्यांनी नाट्यभारतीतून इथे रंगभूमी जागती ठेवली. आणि आज ‘सानंद’च्या नाटकांना जा. मुंबई-पुण्याची नाटकं येतात, सभासदांच्या गटांसाठी लागोपाठ प्रयोग होतात. त्या गटांना राहुल बारपुते, रामूभैया दाते अशी गावातल्या रसिकांची नावं दिलेली आहेत, हेही किती बोलकं. तिथे वर्गणी वर्षाची असते, आजीव नव्हे. आणि मध्यंतरात बाहेर उभं राहून बटाटेवडा खाताना जे अभिप्राय ऐकू येतात ते कुठल्याही पुणेरी समीक्षकाने वहीत टिपून घ्यावेत. दुसरा अंक ताणलाय. नायिकेचा आवाज मागच्या रांगेला पोचत नाही. लेखकाला शेवट सुचलेला नाही. ही तीच माणसं आहेत, ज्यांनी सकाळी मासिकाला ‘अंक वाचनीय’ असं लिहिलेलं असतं.

आणि आता सगळ्यात दुखरी जागा. ‘नई दुनिया’ हे हिंदी दैनिक १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, इंदूरात सुरू झालं. त्याला घडवणारे संपादक राहुल बारपुते, मराठी घरातले. राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी यांच्यासारखे हिंदीतले मोठे संपादक त्यांच्या हाताखाली तयार झाले. या पत्रातला वाचकांच्या पत्रांचा रकाना गावात मानाचा समजला जाई. त्यात पत्र छापून येणं म्हणजे काहीतरी मिळवल्यासारखं. नगरपालिकेपासून व्याकरणापर्यंत कशावरही वाचक तिथे संपादकाला जाब विचारत, आणि पत्रं लिहिता लिहिता काही जण लेखक झाले. त्या पत्रलेखकांत मराठी आडनावं कमी नव्हती. म्हणजे संपादक आपला, पत्रलेखक आपले, गाव आपलं. भाषा तेवढी दुसरी.

साहित्यातही असंच झालं. १९४३ च्या ‘तार सप्तक’ने हिंदी कवितेचं वळण बदललं. त्यातल्या सात कवींपैकी गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे या मुलखातल्या मराठी घरांतले. मुक्तिबोध इंदूरच्या होळकर कॉलेजात शिकलेले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र, जन्म इंदूरचा, मराठीत लिहीत राहिले, नागपूरला स्थिरावले आणि १९७९ चं साहित्य अकादमी पारितोषिक त्यांना मिळालं ते समीक्षाग्रंथासाठी. एका घरातला एक मुलगा हिंदीचा सर्वांत अवघड कवी झाला, दुसरा मराठीचा समीक्षक. दोघांनाही आपला वाचक इंदूरच्या मराठी मासिकांत सापडला नाही. याची कारणं अनेक आहेत, नोकरी, शिक्षणाचं माध्यम, विचारसरणी, हे मला ठाऊक आहे. पण एक कारण हेही असावं की लिहिणाऱ्याला ‘छान’ म्हणणारे शंभर जण नको असतात, ‘हे ओळ वाढवलीस’ म्हणणारा एक हवा असतो. तो हिंदीत भेटत होता. इंदूरातूनच निघणारं ‘वीणा’ हे हिंदी मासिक १९२७ पासूनचं, म्हणजे देवळालीकरांच्या शाळेचं समवयस्क, आणि ते टिकलं.

भास्करराव तांब्यांचं उदाहरण देऊन कुणी मला अडवेल. द्यावंच. मुंगावलीला जन्मलेले, देवास आणि ग्वाल्हेरात आयुष्य काढलेले तांबे मराठीने कुठल्याही सवलतीशिवाय आपले मानले. ते का? मला वाटतं, त्यांनी इथली हवा मराठीत आणली म्हणून. इकडचं गाणं, इकडचा दरबार, इकडचे हिंदी-उर्दू शब्द त्यांच्या कवितेत आले आणि पुण्याच्या कवितेत नसलेलं काहीतरी मराठीला मिळालं. पुण्याला पुण्याचीच नक्कल पाठवून कोण विचारणार?

यातून मासिकांवरच्या अभिप्रायांतली दुसरी खोड समोर येते. आपला वाचक सवलत देतो, पण एका बाबतीत तो एकदम कठोर होतो : भाषा. अंकात ‘दिवे चालले गेले’ असं आलं की पत्र येतं. ‘मला माहीत पडलं’ आलं की पत्र येतं. ‘पोरांनो, हल्ला करू नका’ असं एखाद्या कथेतल्या आजीने म्हटलं तर तीन पत्रं येतात, की हल्ला म्हणजे आक्रमण, गोंगाट म्हणा. पण रामबागेतली आजी ‘हल्ला’च म्हणत होती! ‘काय भिया’ म्हणून हाक मारणाऱ्या मुलांना कथेत ‘अरे मित्रा’ म्हणायला लावायचं, हा आपल्या संपादनाचा शिरस्ता. कथेचा दर्जा, लेखातला पुरावा, कवितेतली उसनवारी, यांवर आपण गप्प. आणि आपल्याच बोलीवर काठी. म्हणजे जिथे सैल सोडायला हवं तिथे आवळलं, आणि जिथे आवळायला हवं तिथे सोडलं.

देवळालीकरांच्या शाळेने नेमकं उलटं केलं. परीक्षा मुंबईची, पण विषय माळव्याचा. उन्हात तापलेल्या भिंती, नर्मदेचे घाट, महेश्वर, ओंकारेश्वर, हाटाला निघालेल्या बाया. देवकृष्ण जोशी तर महेश्वरकडचेच, नर्मदा त्यांच्या अंगणातली. मुंबईच्या प्रदर्शनात इंदूरची मुलं उठून दिसली ती चौपाटी रंगवून नव्हे. चिंचाळकर गुरुजी पुढे त्याही पलीकडे गेले : वाळलेलं पान, झाडाची साल, फाटका कागद, काथ्याचा तुकडा, कचऱ्यात टाकलेलं काहीही उचलायचं आणि त्यातला चेहरा दाखवायचा. त्यांनी काढलेलं असं थोडंच होतं त्यात, त्यांनी फक्त पाहिलेलं होतं. बारपुते, कुमारजी, बाबा डिके आणि गुरुजी यांची मैत्री गावाला ठाऊक आहे. या चौघांच्या गप्पांत एकमेकांच्या कामावर जे बोललं जात असेल त्याची एक वही जरी आपल्याकडे असती! तीच इंदूरची खरी समीक्षा. छापली गेली नाही, कारण छापायच्या जागी आपण ‘मजकूर वाचनीय’ छापत होतो.

मला माहीत आहे, मासिक चालवणाऱ्यांना हे वाचून राग येईल, आणि तो रास्त आहे. घरातल्या पुढच्या खोलीत बसून, निवृत्तिवेतनातून, प्रुफं स्वतः तपासून, पत्ते स्वतः चिकटवून अंक काढणाऱ्याला कुणीतरी लांबून उपदेश करावा हे बरं नाही. इंदूरातून ‘श्री सर्वोत्तम’सारखं मासिक निघत आलं, संस्थांच्या स्मरणिका निघतात, ही काही छोटी गोष्ट नाही. पण माझी तक्रार संपादकांवर नाहीच. ती आपल्यावर आहे, वाचणाऱ्यांवर. संपादकाने कथा परत पाठवली तर लेखक चिडतो, आणि त्या वेळी वाचक संपादकाच्या बाजूने उभा राहत नाही. एकाही पत्रात मी असं वाचलेलं नाही की ‘हा लेख छापायला नको होता, पुढच्या वेळी पानं कमी करा पण असलं देऊ नका’. असं पत्र आलं तर संपादकाच्या हाती एक हत्यार येईल. त्याला हवंच असतं ते.

इतिहासात रस असणाऱ्यांनी तर याकडे फारच काळजीने पाहायला हवं. आपण स्थानिक इतिहासासाठी या जुन्या अंकांवरच अवलंबून असतो. वाड्यांच्या आठवणी, शाळांचे सुवर्णमहोत्सव, गणेशोत्सवांच्या हकिकती, कुणाच्या आजोबांचं चरित्र. पण ज्या मजकुराला छापताना कुणी ‘हे कशावरून?’ म्हणून विचारलं नाही, तो पन्नास वर्षांनी पुरावा म्हणून कसा वापरायचा? एका स्मरणिकेत एक सन, दुसरीत दुसरा, तिसरीत दोन्ही. आणि वाचकांपैकी कुणी तरी त्या वेळी नक्कीच खरं काय ते जाणत होतं. चहा पिताना बोललंही असेल. पत्र लिहिलं नाही, कारण ‘महाराष्ट्राबाहेर असूनही एवढं करताहेत, कशाला दुखवायचं’.

शिवाय वेळ कमी आहे. आपल्या मुलांना हिंदीमुळे नागरी लिपी वाचता येते, म्हणजे मराठी अंक हातात घेतला तर तो त्यांना मुका नाही. अमेरिकेतल्या मराठी मुलांपुढे जी अडचण आहे ती यांच्यापुढे नाही. तरी ती वाचत नाहीत. कारण त्यात त्यांच्या घरात बोललं जातं तसं कुणी बोलत नाही, त्यांच्या गल्लीत घडतं तसं काही घडत नाही, आणि घडलं तर कुणी त्यावर भांडत नाही. आजोबा गेले की घरच्यांकडून संपादकांना फोन जातो, ‘अंक आता पाठवू नका’. मग बांधलेले गठ्ठे. नशीब असेल तर ग्रंथालयात, नाहीतर खजुरी बाजाराच्या दिशेने, तेही नाहीतर रद्दीत, किलोच्या भावाने.

असे गठ्ठे उचलताना एक पाहावं. समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं असतं. ग्रंथालयाच्या प्रतींत तर हमखास, ‘पुस्तकावर लिहू नये’ असा शिक्का असतो त्याच्याच शेजारी. देवळालीकर कला वीथिकेतल्या अभिप्राय-वह्यांत ‘अप्रतिम’, ‘सुंदर’ यांच्या रांगा लागतात. समासात मात्र कुणी अप्रतिम लिहीत नाही. तिथे खाली सही नसते, म्हणून माणूस खरं बोलतो. एका जुन्या अंकात आठवणींच्या लेखात नदीवरच्या पुलाचा उल्लेख होता. बाजूला बारीक अक्षरात कुणी लिहिलं होतं : ‘चूक. त्या साली पूल नव्हता.’ त्याच्या खाली निळ्या शाईत, वेगळ्या हाताने : ‘होता. लाकडी. पुरात गेला.’

लेखापेक्षा ही दोन वाक्यं मला जास्त उपयोगाची वाटतात. मंडळातल्या ज्यांच्याकडे असे अंक असतील त्यांनी लेखांचे फोटो काढताना समास कापू नयेत, पूर्ण पान घ्यावं.